थंडी तोंडावर, सुयांवर इतकी कामं, आणि घरातल्यांशी बोलायचं राहून जातंय

लोकरवेडी

प्रश्न विणकामाचा की संसाराचा, हे मलाच नीट सांगता येत नाहीये. दोन्हीकडचं जाणणारी माणसं इथे आहेत म्हणून विचारते.

वर्षभर माझ्या लोकरीच्या पिशवीकडे घरात कुणी ढुंकूनही बघत नाही. हवेत जरा गारवा आला, की सगळ्यांना एकदम माझी कला आठवते. सध्या काय काय काढून ठेवलंय ते सांगते. नवऱ्याचा पुढून बटणांचा स्वेटर, गडद निळा, दोन्ही पुढ्यांवर वेण्यांची नक्षी. धाकटीचा (वय चार) पिवळा स्वेटर, गळ्याकडून खाली विणत चाललेला, आता काखेपर्यंत आलाय. सासूबाईंची जाळीची शाल अर्ध्यावर आहे. नणंदेला थंडीतच बाळ होणार आहे, त्याच्या पांघरुणाचे अजून टाकेसुद्धा घातलेले नाहीत. थोरला नऊ वर्षांचा. त्याने काही मागितलेलं नाही, पण सगळ्यांना मिळणार आणि त्यालाच नाही हे मला बघवणार नाही, म्हणून त्याच्यासाठी एक टोपी मनात आहे.

नोकरी आहे. सुया हातात येतात त्या रात्री सगळं आवरल्यावर, तासभर. सुट्टीच्या दिवशी आणखी थोडा वेळ. आणि नेमका तोच तास घरातल्या प्रत्येकाला माझ्याशी बोलायला हवा असतो. थोरल्याला शाळेतली भानगड सांगायची असते, धाकटीला मांडीत बसायचं असतं आणि मांडीत आधीच स्वेटर बसलेला असतो. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज वाढवतात. नवरा म्हणतो, "मला काही घाई नाही गं," आणि दर दोन-चार दिवसांनी विचारतो, "कुठवर आला?"

हे असं दरवर्षीच चालतं, त्याचं मला फारसं काही नव्हतं. पण परवा वेणी वळवायची ओळ चालू होती, नक्षीच्या ग्राफवर बोट ठेवलेलं, आणि थोरला दारात येऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही. मी मान वर केल्यावर म्हणाला, "मोजते आहेस का? मग नंतर येतो." नंतर काही आला नाही. झोपताना विचारलं तर, "विसरलो."

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. माझं "थांब, थांब, सोळा, सतरा" ऐकून तो आपोआप शिकलाय.

विणणं सोडायचं नाहीये, ते आधीच सांगते. दिवसभरात माझं डोकं निवतं ते त्याच तासात. तर तुम्ही हे कसं जमवता? कृपया टाइमटेबल करा म्हणू नका. ते काम मी ऑफिसात पोटभर करते.

हिशोबी

टाइमटेबल नाही सांगत, हिशोब सांगतो. मी पुरुष आहे, विणतो, घरात एक मूल आहे, आणि काम घेण्याआधी टाके मोजायची मला खोड आहे.

तुमची लोकर डबल निटिंगची, म्हणजे मध्यम जाडीची, धरतो. 4 मिमीच्या सुईवर 10 सेंमीत साधारण 22 टाके आणि 30 ओळी. नवऱ्याची छाती 100 धरली आणि 10 सेंमी सैलपणा दिला, तर घेराला 242 टाके. लांबी 66 सेंमी म्हणजे 198 ओळी. गळ्या-काखेतले वजा करून अंगाचे 45 हजार टाके धरा. बाह्या दोन्ही मिळून 20 हजार. झाले 65 हजार. हात बसलेला माणूस मिनिटाला 25 टाके टाकतो असं मानलं तर 43 तास, आणि हा झाला साधा सपाट स्वेटर. वेण्या कापड आत ओढतात, म्हणजे त्याच घेराला टाके जास्त लागतात, आणि वेणी वळवताना वेगही पडतो. 55 तासांच्या खाली मी काही बोलणार नाही.

धाकटीचा स्वेटर: घेर 64 सेंमी, लांबी 38, बाह्यांसकट 23 हजार टाके. साधारण 15 तास. त्यातला गळा-खांद्याचा भाग तुमचा झालाच आहे.

थोरल्याची टोपी: नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं 52-53 सेंमी असतं, टोपी ताणून बसायला हवी म्हणून घेर 47 घ्या. 104 टाके, 60 ओळी. चार तासांचं काम.

आठवड्याला तुम्हाला सहा-सात तास मिळत असतील, त्यातले पाच हाती लागतात असं म्हणू. म्हणजे निळ्या स्वेटरलाच अकरा आठवडे, आणि तेवढ्यात दुसरं काहीही हातात घ्यायचं नाही. शाल आणि पांघरूण मी अजून मोजलेलंच नाही. हे सगळं थंडीच्या आत बसत नाही, आणि ते न बसण्यात तुमचा काही दोष नाही, गणितच तसं आहे. घरात सांगताना "वेळ मिळत नाही" म्हणू नका, त्यावर लोक वाद घालतात. "पंचावन्न तास लागतात" म्हणा. माझ्याकडे हे चालतं.

सुईवाली आजी

अगं लोकरवेडी, हिशोबींचं गणित बरोबर आहे, पण तुझं दुखणं तासांचं नाही. तुझा लेक "विणते आहेस का" म्हणाला नाही, "मोजते आहेस का" म्हणाला. पोरं फार नेमकं बोलतात.

माझी तीन पोरं सुया वाजताना वाढली. तेव्हापासून माझ्याकडे दोन पिशव्या आहेत. एकीत बोलताना करायचं काम, दुसरीत मोजायचं. मोजायची पिशवी माणसं घरात असताना उघडायचीच नाही. तू नेमकं उलटं करतेस. सगळे जमतात त्या तासाला वेण्या काढून बसतेस.

तुझा पिवळा स्वेटर काखेखाली आलाय ना? म्हणजे आता गोल सुईवर (दोन टोकं वायरने जोडलेली) नुसते सुलट टाके, थेट खालच्या बॉर्डरपर्यंत. ना वाढवणं, ना घटवणं. बोटं आपोआप चालतात, डोळे लेकाच्या तोंडाकडे ठेवता येतात. रात्रीचा तास त्यालाच दे. निळा स्वेटर रात्री हातात धरूच नकोस. दिवस लहान होत चाललेत, दिव्याखाली गडद निळ्यात कुठला टाका कुठल्यावरून गेलाय हे तरुण डोळ्यांनासुद्धा दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी, खिडकीशी, सगळे उठायच्या आत. मांडीवर पांढरा पंचा पसर, टाक्यांमधून पांढरं दिसतं आणि घरं मोकळी वाचता येतात.

आता वेण्यांचं. वेणी वळवतेस ती किती ओळींनी? बहुतेक सहा किंवा आठ. मधल्या ओळींत करायचं काय असतं? सुलट दिसला तर सुलट, उलट दिसला तर उलट. तिथे ग्राफवर बोट ठेवायची काय गरज? प्रत्येक वेणीच्या दोन्ही कडांना एकेक मार्कर, म्हणजे खुणेची कडी, घाल, आणि ज्या ओळीत वळवलीस त्या ओळीतल्या टाक्यात एक उघडझाप करणारा मार्कर लटकव. तिथून वर किती ओळी झाल्या ते कापडावरच मोजायचं, कुणी मध्ये बोललं तरी आकडा पळून जात नाही. कागदावर रेघा मारत बसण्यापेक्षा कापड वाचायला शीक. एकदा ते जमलं की "थांब, थांब" आपोआप कमी होतं.

आणि "एवढी सुई होऊ दे" हे आपलं सगळ्यांचं आवडतं वाक्य. तुझ्या लेकीच्या स्वेटरचे घेराला 140 टाके, म्हणजे एक फेरी व्हायला सहा मिनिटं. मोठ्यांना ती काहीच वाटत नाहीत. नऊ वर्षांचा मुलगा तेवढ्यात काय सांगायला आला होता ते विसरतो. म्हणून दर वीस टाक्यांवर एक मार्कर अडकव आणि "या मार्करपर्यंत" म्हण. एक मिनिटसुद्धा लागत नाही. गोल सुई असली तर फेरीच्या मध्ये कुठेही थांबलं तरी चालतं, टाके मधल्या वायरवर सरकवून ठेवायचे, गळत नाहीत. सरळ सुया असतील तर टोकांना रबरी टोप्या घाल.

शालीच्या जाळीत दर नक्षी संपली की उलट्या ओळीच्या टाक्यांतून एक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेव, वेगळ्या रंगाचा. खाली काही चुकलं तर तिथपर्यंतच उसवायचं, टाके दोऱ्यावर जागच्या जागी मिळतात. घरातल्या गडबडीत जाळी विणायची तर दोऱ्याशिवाय मी बसत नाही.

आणि स्टीलच्या सुया वाजत असतील तर बांबूच्या घे. टीव्हीचा आवाज का वाढतो ते कळेल.

लोकरवेडी

आजी, तुम्ही "मोजते" वर बोट ठेवलंत आणि मी पोस्ट परत वाचली. मी लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं.

सुया स्टीलच्याच आहेत. सासूबाईंना विचारलं, "वाजतात का हो?" तर म्हणाल्या, "वाजू देत, कोण ऐकतंय." म्हणजे वाजतात.

हिशोबी, पंचावन्न तासांचा आकडा नवऱ्याला सांगितला. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला की वेण्या काढून टाकल्या तर किती? मला ते पटत नाहीये, वेण्यांसाठीच तर मी तो घेतला होता. त्याला स्वेटर हवा आहे, मला वेण्या हव्या आहेत. तसं पाहिलं तर मग तो माझाच छंद झाला आणि त्याला घाईत ओढायचं काही कारण नाही. थंडी संपता संपता झाला तरी पुढच्या वर्षी आहेच. त्याची छाती काही वाढणार नाही. पोट वाढू शकतं, ते वेगळं.

टोचरा गळा

मी विणत नाही. माझी आई विणायची, त्या अनुभवावर चार ओळी.

थोरल्याला टोपी देण्याआधी त्याला विचारा. आईच्या हातचा स्वेटर मी वर्षानुवर्षं घातला आणि एकदाही सांगितलं नाही की तो मानेला टोचतो, कारण तिने रात्री जागून केला होता. लोकर टोचते ती धाग्यातल्या जाड तंतूंमुळे. साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचे तंतू त्वचेला टोचतात, मऊ मेरिनोचे 20 च्या आतबाहेर असतात. पण मायक्रॉन राहू देत, सोपी परीक्षा अशी: नमुन्याचा चौकोन विणून झाला की त्याच्या कॉलरमध्ये खुपसून अर्धा तास खेळायला सोडा. काढून फेकला तर ती लोकर नको. टोपी कपाळावर बसते, कपाळही मानेइतकंच तक्रारखोर असतं.

दुसरं म्हणजे लड गुंडाळायचं काम. लोकर लडीत येत असेल तर ती दोन हातांवर ताणून धरायला कुणीतरी लागतं. ते माझं काम होतं. हात अडकलेले, त्यामुळे उठून पळता येत नाही, आणि समोर आई, तिचेही हात अडकलेले पण तोंड मोकळं. आमचं निम्मं बोलणं तेव्हाच झालंय. शाळेतल्या भानगडी तर सगळ्याच. मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एक लड गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही, ती मुद्दाम सावकाश गुंडाळायची.

पहिल्या खेपेची आई

बाळाच्या पांघरुणाबद्दल स्पष्टच सांगते. माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. मला पाच पांघरुणं आली, पाचही सुंदर, पाचही कपाटात. पहिलं वर्षभर बाळ झोपताना त्याच्याजवळ सैल काही ठेवू नका असं डॉक्टर सांगतात. पांघरूण नको, उशी नको, घरात झोपताना टोपीसुद्धा नको. म्हणजे इतकं मोठं काम करून ते फारतर बाहेर जाताना पायांवर येणार.

त्यापेक्षा पुढून उघडणारं छोटं जाकीट करा. डोक्यातून घालायचे कपडे बाळांना अजिबात आवडत नाहीत. सहा महिन्यांच्या मापाचं करा, जन्मलेल्या बाळाच्या मापाचं तीन आठवड्यांत आखूड होतं. दोन गोष्टी सांभाळा: जाळीची वीण नको, बोटं अडकतात, आणि केसाळ लोकर नको, तंतू तोंडात जातात. बांधायला लांब नाड्याही नकोत. आणि मशीनमध्ये धुता येईल अशीच लोकर घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात तुमचं जाकीट बाहुलीला होईल. नणंद तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

हिशोबी

बाळाच्या जाकिटाला सात-आठ तास. पांघरुणाला त्याच्या तिप्पट तरी गेले असते. पहिल्या खेपेच्या आईंनी तुम्हाला तीन आठवडे मिळवून दिले.

एक पुरवणी. धाकटीची पिवळी लोकर उरेल ती वाटून टाकू नका. चार वर्षांचं मूल वर्षाला 6-7 सेंमी उंच होतं, छाती मात्र जेमतेम 2 सेंमीने वाढते. म्हणजे पुढच्या वर्षी स्वेटर रुंदीला येईल, फक्त बाह्या आणि लांबी कमी पडेल. वरून खाली विणलेल्याचा फायदा इथे आहे. शेवटची कड उघडायची, बॉर्डर उसवायची, टाके सुईवर घ्यायचे आणि पुढे विणायचं. खालून वर विणलेला स्वेटर खालच्या बाजूने असा सरळ उसवत नाही. त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, एक गुंडा बाजूला ठेवा, वेष्टनासकट. पुढच्या वर्षी तोच नंबर मिळेल याची खात्री नसते, आणि पिवळ्यात लॉटचा फरक लांबून दिसतो.

लोकरवेडी

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते. रात्री फक्त पिवळा स्वेटर आणि तो संपला की बाळाचं जाकीट. निळा सुट्टीच्या सकाळी. शाल दोरा ओवून, घडी घालून वर ठेवली, सासूबाईंना सांगून. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला तर ती खाली अंथरायला हवी होती," म्हणजे पाटावर की खुर्चीवर ते अजून कळायचंय. जाळीच्या शालीचं अंथरूण! असो.

थोरल्याला विचारलं. टोपी नको म्हणाला. मग थोड्या वेळाने, मफलर चालेल, पण आजी म्हणतात तसा न मोजता होणारा. (पोस्ट त्याला वाचून दाखवली होती, मायक्रॉनसकट.) सगळे सुलट, दोन्ही बाजूंनी, असा लांबलचक मफलर घालते. त्यात मोजण्यासारखं काही नाहीच. लडी दोन आणल्यात, मुद्दाम गुंडे न घेता.

आता एक तांत्रिक शंका. पिवळ्याच्या बाह्या. तिथे दर काही फेऱ्यांनी टाके घटवायचे, म्हणजे परत मोजणं आलं. शिवाय एक बाही झाली की दुसरी माझ्याकडून महिना महिना होत नाही. काही उपाय?

सुईवाली आजी

दोन्ही बाह्या एकदम विण. 80 सेंमीची गोल सुई चालते, 100 ची असली तर हाताला आणखी सोपं. एका बाहीचे अर्धे टाके पुढच्या सुईवर, अर्धे मागच्या, शेजारी दुसरीचे तसेच, मधली वायर बाजूने वळ्यासारखी बाहेर काढायची. दोन गुंडे लागतील. एकीत घटवलं की त्याच फेरीत दुसरीत घटवायचं, म्हणजे आकडा लिहून ठेवायची भानगडच नाही आणि दोन्ही सारख्याच लांबीच्या होतात.

तुझ्या मापाला दंडाशी 52 टाके असतील, मनगटाशी 36 हवेत. सोळा घटवायचे, एका वेळी काखेखालच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे आठ वेळा. दर आठव्या फेरीला. घटवलेल्या टाक्यात मार्कर लटकवत जा, म्हणजे पुढची आठवी कुठली ते कापडच सांगेल. 36 ला चारने भाग जातो, म्हणजे दोन सुलट दोन उलट बॉर्डर बरोबर बसते.

एक ध्यानात ठेव. अरुंद फेरीत हात आवळतो, अंगापेक्षा बाही घट्ट येते. पाच-सहा सेंमी झाली की मोजून बघ आणि घट्ट वाटली तर जरा जाड सुई घे. गुंड्यांचे धागे एकमेकांत गुंततात, त्याला एक डावीकडे ठेव, एक उजवीकडे, आणि फेरीगणिक काम एकदा इकडून वळव, एकदा तिकडून. नेहमी एकाच बाजूने वळवलंस तर पीळ बसत जातो.